चावडी आणि अरळी कट्टे

(दृश्य: बेळगावचा किल्ला. पावसाळी सकाळ.)

बेळगावच्या किल्ल्याचा खंदक अजून पुरता भरलेला नाही, पण तटाच्या दगडांवर शेवाळ धरू लागले आहे. छत्र्या सावरत आत चाललेली ही चार माणसे विकिपीडियावर लिहितात. त्यांतले निवृत्त शिक्षक खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावाहून सकाळच्या पहिल्या बसने आले आहेत; महाविद्यालयात शिकणारी तरुणी निपाणीहून काल रात्रीच मावशीकडे मुक्कामाला आली; तिसरे सदस्य वडगावात यंत्रमाग चालवतात; आणि चौथे त्यांचे कन्नड मित्र आहेत, जे कन्नड विकिपीडियावर लिहितात आणि आज केवळ एका इमारतीसाठी गोकाकहून आले आहेत. या कामाचा एक रुपयाही त्यांतल्या कोणाला मिळत नाही. त्यांची खरी नावे या माहितीपटात येणार नाहीत, कारण विकिपीडियावरही ते सदस्यनामानेच ओळखले जातात आणि ते तसेच राहावे अशी त्यांची इच्छा आहे.

(दृश्य: कमल बस्ती. मुखमंडपातून छताकडे वळणारा कॅमेरा.)

ही कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. मुखमंडपात उभे राहून मान वर केली की छतातून खाली उमललेले हे दगडी कमळ दिसते आणि बस्तीला हे नाव का पडले, ते वेगळे सांगावे लागत नाही. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातील नेमिनाथ आहेत. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य राज्य करीत असताना त्याचा मंत्री बिचिराज याने हे जिनालय उभारले. कमळाच्या पाकळ्या एकीवर एक कशा बसवल्या आहेत, हे एका छायाचित्रात यावे म्हणून यंत्रमागवाले सदस्य फरशीवर पाठ टेकून निजले आहेत आणि निपाणीची तरुणी मोबाइलचा उजेड पाकळ्यांवर तिरका पडेल अशा बेताने धरून उभी आहे. समोरून उजेड टाकला तर कोरीवकाम सपाट दिसते, तिरका टाकला तर उठून दिसते, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. पहिली तीस-चाळीस छायाचित्रे वाया गेल्यावर ते त्यांचे त्यांनाच कळले.

या भेटीमागे एका सालाचा वाद आहे. शिक्षकांनी आपल्या धूळपाटीवर, म्हणजे कच्चे लेखन करण्यासाठी प्रत्येक सदस्याला मिळणाऱ्या पानावर, ‘बेळगावचा किल्ला १२०४ साली बांधला गेला’ असे वाक्य लिहिले होते. हे वाक्य बेळगावात लहानपणापासून सगळ्यांच्या कानावर पडलेले आहे. तरुणीने त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली. शिक्षकांना ते लागले, हे ते आजही मोकळेपणाने सांगतात. मात्र खूण काढून टाकण्याऐवजी त्यांनी साल कुठून आले याचा शोध घ्यायला सुरुवात केली, आणि तो शोध त्यांना किल्ल्याबाहेर, बेळगावबाहेर, थेट लंडनपर्यंत घेऊन गेला.

१२०४ हे साल ज्या शिलालेखातून आले, तो आज बेळगावात नाही. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लिओनेल बार्नेट यांनी त्याचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांना वाहिलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. लेखाची भाषा जुनी कन्नड आहे आणि इथेच गोकाकचे मित्र उपयोगी पडले. रोमन अक्षरांत छापलेल्या त्या ओळी मोठ्याने वाचत, एकेक शब्द सोडवत त्यांनी तिघांना अर्थ सांगितला. त्यात वेणुग्रामाचे नाव आहे, म्हणजे बेळगावचेच जुने नाव. रट्टजिनालयाचा उल्लेख आहे. त्या जिनालयाला दिलेल्या दानांची नोंद आहे. साल जिनालयाच्या दानाचे आहे, आणि आपण ते किल्ल्याच्या तटालाही लावत आलो, हे चौघांच्या एकाच वेळी लक्षात आले. म्हणून त्यांनी एका वाक्याची दोन वाक्ये केली. बस्तीविषयीच्या वाक्याला शिलालेखाचा आधार दिला, आणि किल्ल्याविषयीच्या वाक्यात, किल्ला त्याच काळात बांधला गेला असे कोण म्हणते, ते म्हणणाऱ्याच्या नावासह लिहिले. दोन ओळींसाठी त्यांना एक महिना लागला.

(दृश्य: वडगाव. खाली चालू यंत्रमाग, लाकडी जिना, वरची खोली.)

मागाचा हा आवाज आम्ही ध्वनिमुद्रणातून काढलेला नाही, कारण या खोलीत बसून केलेली सगळी चर्चा याच आवाजात झालेली आहे. खाली माग चालतो, वर चटईवर दोन लॅपटॉप आणि मध्ये चहाची किटली असते. महिन्यातून एका रविवारी ही मंडळी इथे जमतात. बाकीचे दिवस त्यांची गाठ पडद्यावरच पडते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि कन्नड विकिपीडिया त्याच वर्षी जूनमध्ये. प्रत्येक लेखामागे एक चर्चा पान असते, जिथे त्या लेखाविषयी बोलायचे. आणि सगळ्या लेखांना मिळून सामाईक प्रश्न मांडण्याची एक जागा असते, जिला मराठी विकिपीडियाने ‘चावडी’ असे नाव दिले आहे. कन्नड विकिपीडियावर त्याच जागेचे नाव ‘अरळी कट्टे’ आहे, म्हणजे पिंपळाचा पार. बेळगाव, खानापूर, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत चावडी आणि पिंपळाचा पार एकमेकांसमोर उभे असलेले आम्ही चित्रीकरणाच्या दिवसांत पाहिले, आणि दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता बसून बोलण्याच्या जागेलाच हे काम सोपवले, याचे आम्हाला फार अप्रूप वाटले.

(दृश्य: पडद्यावर एका लेखाचा इतिहास. बोट एकेका ओळीवरून खाली सरकते.)

आता जो इतिहास पडद्यावर दिसतो आहे, तो लेखाचा स्वतःचा इतिहास आहे. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, काय बदलले, याची प्रत्येक नोंद इथे राहते. हिरव्या आकड्याने मजकूर किती वाढला ते कळते, तांबड्या आकड्याने किती घटला ते. कोणताही बदल ‘उलटवा’ या एका कळीने मागे घेता येतो, आणि भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा याच कळीपासून होते.

सीमाप्रश्नाविषयीच्या मजकुरात शिक्षकांनी ‘कर्नाटकव्याप्त’ हा शब्द लिहिला होता. तरुणीने तो बदलला. शिक्षकांनी तिचा बदल उलटवला, तिने त्यांचा उलटवला, आणि त्या दिवशी हे तीनदा घडले. मध्येच नाव न सांगता, केवळ अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) आलेल्या कोणीतरी अर्धा परिच्छेदच पुसून टाकला आणि दुसऱ्या कोणीतरी शिव्या लिहिल्या. असल्या लेखनाला विकिपीडियावर ‘उत्पात’ म्हणतात. शेवटी प्रचालकांनी, म्हणजे विकिपीडियावर देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्यांनी, ते पान काही दिवसांसाठी सुरक्षित केले, म्हणजे प्रचालकांखेरीज सर्वांनाच तिथे संपादन बंद झाले आणि चर्चा पान तेवढे उघडे राहिले.

(दृश्य: शिक्षकांचे घर. भिंतीवरचे जुने छायाचित्र.)

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर हा कर्नाटकात राज्योत्सवाचा दिवस आहे. या घरात तो काळा दिवस म्हणून पाळला जातो. भिंतीवरचे छायाचित्र शिक्षकांच्या वडिलांचे आहे. त्याविषयी ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

चर्चा पानावर तरुणीने त्यांना लिहिले होते: ‘काका, हा शब्द आपल्या घरातला आहे, तो मलाही परका नाही. पण विश्वकोश स्वतःच्या तोंडाने तो उच्चारू शकत नाही. हा शब्द कोणी वापरला आणि केव्हा वापरला, ते संदर्भासह लिहू या.’ शिक्षकांचे उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे आले: ‘मग कर्नाटक सरकारचे म्हणणेही सरकारचे म्हणणे म्हणूनच लिहावे लागेल.’ तिने लगेच कळवले: ‘लागेलच, काका. दोघांनाही एकच माप.’

तिथून पुढचे काम तिघांनी वाटून घेतले, आणि गोकाकच्या मित्रांनी कन्नड बाजूचे संदर्भ स्वतः आणून दिले. आज लिहिलेल्या मजकुरात १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाची माहिती आहे. आयोगाने १९६७ च्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, पण बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती फेटाळली आणि कर्नाटकाने उचलून धरली. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांवरील दाव्याचा ठराव एकमताने केला. यातले प्रत्येक वाक्य स्वतःचा संदर्भ घेऊन उभे आहे, आणि ‘कर्नाटकव्याप्त’ हा शब्दही तिथे आहे, तो म्हणणाऱ्याच्या नावासह अवतरणचिन्हांत. एखादी बाजू मते मोजून जिंकत नाही. ज्यांचा विरोध आहे त्यांच्या शंकेला उत्तर मिळेपर्यंत थांबायचे, यालाच विकिपीडियावर सहमती म्हणतात. पान पुन्हा उघडले तेव्हा त्यावर भांडण झाले नाही.

(दृश्य: हलशी. भूवराह नरसिंह मंदिर, आवारातले पावसाचे पाणी.)

खानापूर तालुक्यातले हे हलशी. कदंबांच्या काळातले त्याचे नाव पलाशिका. कन्नड लेखनात ते हलसी होते. गावाचे नाव कोणते खरे, या प्रश्नावर रस्त्यावर फलक काळे झालेले आपण पाहिले आहेत. इथे मात्र लेख एकच ठेवून बाकीची नावे पुनर्निर्देशनाने त्याला जोडली जातात, म्हणजे वाचकाने कोणतेही नाव लिहिले तरी तो त्याच पानावर पोहोचतो. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ केले. मराठी माणूस बोलताना आणि लिहिताना ‘बेळगाव’ म्हणतो. त्यामुळे या सदस्यांच्या मते मराठी लेखाचे शीर्षक ‘बेळगाव’ असावे आणि पहिल्याच ओळीत अधिकृत नाव यावे. कन्नड मित्रांना त्यात काही वावगे वाटले नाही, कारण कन्नड लेखात तेही आपल्या भाषेच्या वापराप्रमाणेच लिहितात.

सगळेच प्रश्न असे सुटत नाहीत. तरुणीने १९५६ सालच्या आंदोलनाचे वर्तमानपत्रात छापलेले एक छायाचित्र कॉमन्स या सामाईक छायाचित्रसंग्रहात चढवले होते. ते काढून टाकले गेले. भारतीय कायद्यानुसार त्याच्या प्रताधिकाराची मुदत संपलेली असली, तरी हा संग्रह अमेरिकेतून चालवला जातो आणि तिथल्या कायद्यात ती मुदत अजून चालू आहे. तिला याचे फार वाईट वाटले. कमळाच्या छायाचित्राला ही अडचण नव्हती, कारण ते त्यांनी स्वतः काढले होते आणि नाव देऊन कोणीही वापरावे अशा परवान्याखाली सोडले होते. आज ते मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतल्या लेखनात लागले आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ही माणसे एकमेकांना भेटल्यावर ‘काय करूलास?’ असे विचारतात. कन्नडच्या शेजारी शतकानुशतके राहून घडलेली ही बेळगावी मराठी आहे. तिच्याविषयी लेख लिहावा अशी यंत्रमागवाल्या सदस्यांची फार इच्छा आहे, पण स्वतःच्या कानाने ऐकलेले विकिपीडियावर पुरावा ठरत नाही. कोणीतरी ते आधी छापलेले असावे लागते. त्यांनी जमवलेल्या शब्दांची वही आम्ही पाहिली. अशा वह्यांवरून अभ्यास होऊन पुस्तके छापली गेली पाहिजेत, आणि ते काम या चौघांचे एकट्याचे नाही, असे आम्हाला मनापासून वाटते.

(दृश्य: बेळगावचे मध्यवर्ती बसस्थानक. संध्याकाळ.)

शिक्षकांची बस लागायला अजून वेळ आहे. बाकावर बसून ते मोबाइलवर आपल्या गावाचा लेख लिहीत आहेत. २०११ च्या जनगणनेतला लोकसंख्येचा आकडा त्यांनी घातला आहे. १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधला बेळगाव जिल्ह्याचा खंड त्यांनी पूर्वीच चाळून ठेवला आहे. गावाबाहेरचे तळे कोणी खोदले, हे त्यांना आजोबांनी सांगितले होते, आणि ते वाक्य त्यांनी लेखात लिहिलेही होते. आता ते त्याकडे थोडा वेळ पाहतात, ते उचलून चर्चा पानावर ठेवतात आणि त्याखाली लिहितात: ‘ही माहिती ऐकीव आहे. कोणाकडे छापील संदर्भ असल्यास कृपया जोडावा.’

खानापूरची बस लागली आहे.