पैलवान बदलले, हलगी तीच

खासबागेत कुस्त्या बघून आलेल्याला विचारा, दुपारपासून जोड किती लागले? सांगता येणार नाही. हलगी मात्र घरी पोचेपर्यंत कानात घुमत असते.

मंडळी, आज ज्या बँडबद्दल बोलायचंय, त्याचं नावच त्याच्या हलगीवाल्यांवरून, म्हणजे ठेका धरणाऱ्यांवरून पडलंय. फ्लीटवूड मॅक. १९६७ साली लंडनमध्ये पीटर ग्रीन या गिटारवाल्यानं तो काढला आणि नाव दिलं ते ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बास गिटारवाला जॉन मॅकव्ही यांचं. त्यातला मॅकव्ही तर तेव्हा बँडमध्ये नव्हताच! जॉन मेयॉल या दुसऱ्या बँडवाल्याकडची बांधलेली कमाई सोडायला तयार नव्हता. पत्रिका छापून झाली, आता नवरदेवाला पटवा, असला प्रकार. आला काही आठवड्यांनी.

तेव्हा हे अस्सल ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, वाजवायचे. मला विचाराल तर ग्रीनचं ‘अल्बट्रॉस’, ज्यात शब्द एक नाही, त्याला पुढचं काहीच गाठत नाही. पण १९७० मध्ये ग्रीनच सोडून गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात बँडमधला दुसरा गिटारवाला जेरेमी स्पेन्सर पुस्तकाच्या दुकानात जाऊन येतो म्हणून बाहेर पडला, तो थेट एका धर्मपंथात सामील झाला. १९७४ मध्ये तर मॅनेजरनं भलतीच माणसं गोळा करून याच नावानं दौऱ्यावर धाडली. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना हे नवीन नाही, पण तिथं प्रकरण कोर्टात गेलं.

त्याच वर्षाअखेरीस फ्लीटवूडनं लिंडसे बकिंगहॅमला गिटारसाठी विचारलं. तो म्हणाला, माझी मैत्रीण स्टीवी निक्स गाते, तिलाही घ्या. घेतलं. ब्लूज मागं पडला, कॅलिफोर्नियाचा पॉप आला.

१९७७ चा ‘रुमर्स’ हा अल्बम करताना जॉन आणि त्याची बायको क्रिस्टिन, जी बँडमध्ये कीबोर्ड वाजवायची, गायची, वेगळे झाले होते. लिंडसे-स्टीवीचंही फाटलेलं. क्रिस्टिननं दुसऱ्या माणसावर प्रेमाचं गाणं लिहिलं आणि त्यावर बास वाजवला जॉननं! त्या अल्बममध्ये पाचही जणांच्या नावावर गाणं एकच, ‘द चेन’. आधीच्या एका गाण्याची कडवी टाकून दिली, शेवट तेवढा ठेवला आणि त्याला नवं तोंड लावलं. टेप ब्लेडनं कापून जोडलेली.

पुढची ये-जा भराभर सांगतो. बकिंगहॅम १९८७ मध्ये गेला, १९९७ मध्ये परतला, २०१८ मध्ये त्याला काढलं. २०२२ मध्ये क्रिस्टिन वारली. हलगी मात्र तीच, मिक आणि जॉन.

आता ‘द चेन’ लावतो. तीन मिनिटांनी सगळं ओसरतं आणि जॉनचा बास उरतो. मग गिटार तापायला लागेल. तिच्या मागं जाऊ नका, कान मिकच्या ड्रमवर ठेवा.