पंचविसावं घड्याळ घ्यायच्या आधी

(टेबलावर लाकडी डबा, झाकण बंद. मनगट मोकळं.)

नमस्कार मंडळी. आज हातात घड्याळ घातलेलं नाही, मुद्दामच. नेहमी आपण एखादं घड्याळ घेऊन बसतो, त्याची काच, काटे, पट्टा बघतो. आज घड्याळ घेण्याची जी ओढ असते ना, तिच्याबद्दल बोलायचंय. गेली दोन वर्षं या ओढीशी माझी रोजची गाठ आहे, आणि तुमच्यातल्या अनेकांची असणार, याची मला खात्री आहे.

रात्रीचे साडेअकरा. घरचे झोपलेत. आपण फोनवर तेच घड्याळ चौथ्यांदा उघडून बघतोय. अडतीस मिलिमीटरची केस, गडद निळं डायल. उन्हात ते कसं दिसतं याचा व्हिडिओ बघून झाला. त्यावर कोणता पट्टा शोभेल तेही ठरलं. आणि मनात एक वाक्य तयार असतं: एवढं एक घेतो, मग बास. हे वाक्य मी दहाव्या घड्याळाला म्हटलंय, पंधराव्यालाही म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी अगदी मनापासून म्हटलंय.

मग पार्सल येतं. पहिला दिवस सुंदर जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते घड्याळ डब्यात जातं आणि रात्री साडेअकराला फोनवर दुसरंच काहीतरी उघडलेलं असतं. घड्याळ वाईट निघालं म्हणून नव्हे. घड्याळ चांगलंच असतं.

हे असं का होतं, ते समजून घेताना मला एका संशोधनाचा फार उपयोग झाला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज नावाचे शास्त्रज्ञ आहेत. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि ती आवडणं, या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. प्रयोगात उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवलं होतं. ते उंदीर समोर अन्न असूनही स्वतःहून खायला जाईनात. पण तोंडात गोड पाणी सोडलं, की जिभल्या चाटायचे. म्हणजे गोडी कळत होती, आवडत होती. नाहीशी झाली होती ती ओढ.

आपल्या बाबतीत याचं उलटं होतं. ओढ प्रचंड, आणि आवड तिच्यामागे धापा टाकत येते. शोधताना, तुलना करताना, भाव उतरतोय का बघताना जो उत्साह असतो, तो वस्तूच्या आधीचा असतो. वस्तू हातात आली की त्याचं काम संपलं. मग त्याला पुढचा शोध लागतो. हे मला कळलं तेव्हा फार हायसं वाटलं. आपल्याला घड्याळांचं प्रेम नाही, आपण नुसते हावरे आहोत, असं मी स्वतःला म्हणत होतो. तसं नव्हतं. प्रेम होतंच. मी ते फक्त शोधण्यात खर्च करत होतो, डब्यातल्या घड्याळांच्या वाट्याला काही उरतच नव्हतं.

(डबा उघडतो. कॅमेरा जवळ.)

ही माझी घड्याळं. मोजली तेव्हा चोवीस होती. मागच्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर मी एक साधी गोष्ट केली. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर आमच्याकडे दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहितात. त्याच चौकटीत कोपऱ्यात, त्या दिवशी कोणतं घड्याळ घातलं त्याचं पहिलं अक्षर लिहायचं. बाकी काही नाही. ब्याण्णव दिवस.

डिसेंबरच्या शेवटी मोजलं. वडिलांची एचएमटी जनता एकतीस दिवस. सेकोचं डायव्हर, म्हणजे पाण्यातही चालणारं घड्याळ, चोवीस दिवस. साधं कॅसिओ, एफ-९१डब्ल्यू, पंधरा दिवस. एक टायटन नऊ दिवस. झाले एकोणऐंशी. उरलेले तेरा दिवस नऊ घड्याळांनी वाटून घेतले. आणि अकरा घड्याळं, मंडळी, तीन महिन्यांत एकदाही मनगटावर आली नव्हती. त्यातली तीन मी त्याच वर्षी घेतलेली होती.

मला कुणी कितीही समजावलं असतं तरी जे पटलं नसतं, ते त्या कॅलेंडरच्या चौकटींनी पटवलं. तुम्हाला या व्हिडिओतली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा. घेणं बंद करू नका, कोणतीही शपथ घेऊ नका, फक्त अक्षर लिहा.

आता त्या पडून असलेल्या अकरांचं काय होतं? चावीच्या आणि ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, घड्याळात तेल असतं, ते वर्षांनुवर्षं पडून सुकतं, म्हणून साधारण चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं. माझी पंधरा घड्याळं या जातीची. पाच वर्षांचा हिशेब धरला तरी दरवर्षी तीन घड्याळं दुकानात न्यायला हवीत. सेलवर चालणाऱ्या घड्याळांचं दुखणं वेगळं. संपलेला सेल तसाच आत राहिला तर गळतो. माझ्या एका घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, तर सर्किटच्या पट्टीवर हिरवट बुरा चढला होता. ते घड्याळ मी हौसेने घेतलं होतं आणि निव्वळ विसरून मारलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ते झाकण उघडलं ते रविवार पेठेतल्या एका कारागिराने. चार फुटांचं दुकान, डोळ्याला भिंग, समोर काचेच्या घुमटाखाली सुटे केलेले भाग. त्या दिवशी मी तीन ऑटोमॅटिक घड्याळंही नेली होती. तीन वेगवेगळ्या छोट्या कंपन्यांची. एक डायव्हर, एक पायलट पद्धतीचं, एक सुटाबुटावर घालायचं. काकांनी तिघांची झाकणं काढून ओळीने ठेवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. तिन्हींत एकच मशीन. सेकोचं एनएच ३५. चोवीस रत्नं, म्हणजे आतल्या चाकांची झीज कमी करणारे बारीक खडे, तासाला एकवीस हजार सहाशे ठोके, चावी पूर्ण भरली की सुमारे एक्केचाळीस तास चालणारं. उत्तम मशीन आहे, मजबूत आहे, म्हणूनच इतक्या कंपन्या ते वापरतात. काका म्हणाले, “सदरे तीन शिवलेत, आत माणूस एकच.” मी रात्र-रात्र जागून ज्यांची तुलना केली होती, ती ही तीन घड्याळं.

आता पुण्यात राहतो म्हणून एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. वीस हजारांहून जास्त वस्तू. आणि काय वस्तू? दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, भांडी, दरवाजे. रोजच्या घरातल्या. मी तिथे अडकित्त्यांच्या कपाटासमोर बराच वेळ उभा होतो. एकाच कामाचं हत्यार, सुपारी कातरायची, आणि प्रत्येकाचा घाट निराळा. आपल्या माणसांनी रोजच्या वापराची वस्तू किती सुंदर घडवली, या एका धाग्यात ते सगळं ओवलेलं आहे. तिथून बाहेर पडताना मला जाणवलं, की चोवीसचा आकडा मोठा नाहीच. माझ्या डब्याला धागा नाही.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत: संग्रह आणि साठा. गोदामात असतो तो साठा. तर मी बसून विचार केला, की माझा धागा कोणता? उत्तर डब्यातच होतं. एकतीस दिवस.

(जनता हातात घेतो. जवळून.)

ज्या वर्षी पुण्यात पानशेतचा पूर आला, त्याच वर्षी, १९६१ साली, बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने. पुढे २०१६ साली सरकारने एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायला मंजुरी दिली. हे वडिलांचं. डायलवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलंय. सतरा रत्नं, तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. कानाशी धरलं की त्या एनएच ३५ पेक्षा थोडी निवांत टिकटिक ऐकू येते. इथे चार वाजायच्या जागी काचेवर ओरखडा आहे, तो मी पॉलिश करू दिलेला नाही. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत चावी द्यायची. अंगठा आणि तर्जनीत खुंटी, आधी सैल, मग हळूहळू भारी होत जाते.

तेव्हा माझा धागा भारतात घडलेली चावीची घड्याळं. एकदा हे ठरलं आणि साडेअकराच्या खरेदीतलं बहुतेक सगळं आपोआप गळलं, कारण ते माझं नव्हतंच. तुमचा धागा वेगळा असेल. पण तो एका वाक्यात घरच्यांना सांगता आला पाहिजे.

धागा सापडला तरी ओढ काही जात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तिला खायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. मी शोधण्याची हौस वाचनाकडे वळवली. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जातो, पण बघायला आणि शिकायला. एचएमटीच्या नावाखाली पुन्हा रंगवलेली डायलं, तीन घड्याळांचे भाग जोडून केलेलं एक घड्याळ, हे ओळखायला शिकायचं तर पन्नास घड्याळं हातात घेऊन परत ठेवावी लागतात. परत ठेवण्याचीही सवय होते. पट्टे बदलतो, लग्जमधलं, म्हणजे पट्टा अडकवायच्या दोन टोकांमधलं, माप अठरा मिलिमीटर असलं की एकच पट्टा माझ्या पाच घड्याळांना चालतो, आणि तपकिरी कातड्यावर जुनं घड्याळ खरंच नवं दिसतं.

आणि सगळ्यात आवडीची गोष्ट म्हणजे अदलाबदल. आम्ही चौघं मित्र महिन्याच्या पहिल्या रविवारी सदाशिव पेठेत अमृततुल्यवर भेटतो आणि एकमेकांना एकेक घड्याळ महिन्यासाठी देतो. ज्या निळ्या डायलसाठी मी जागलो होतो, ते मी असंच तीस दिवस घातलं. अकराव्या दिवशी मला पुन्हा जनता आठवायला लागली. पैसे वाचले, आणि ते घड्याळ कसं आहे हेही नीट कळलं.

‘एक घ्यायचं तर एक विकायचं’ हा नियम पुष्कळ जण सुचवतात. मला तो मानवला नाही. विकायचं म्हटलं की दिवसभर पुन्हा भाव, फोटो, घासाघीस. म्हणजे ज्या बाजारातून बाहेर पडायचं, त्याच बाजारात मुक्काम. त्यापेक्षा मी वही ठेवली. हवं असलेलं घड्याळ तारखेसह लिहायचं, आणि शेजारी लिहायचं की हे घातलं त्या दिवशी डब्यातलं कोणतं घड्याळ घरी राहील. त्या ओळीत ‘जनता’ लिहावं लागलं की माझा हात थांबतो.

पैशाचं थोडक्यात. फोनमधून कार्डाची माहिती काढून टाका. आकडे टाकायला उठून पाकीट आणावं लागलं की अर्ध्या वेळा आपण उठत नाही. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ला फसू नका. प्रोसेसिंग फी असते, व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी असतो. हौसेच्या वस्तूला हप्ता लावायचा नाही, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

पण पार्सल घरच्यांपासून लपवून ऑफिसवर मागवावं लागत असेल, एका कार्डाचं बिल दुसऱ्यातून भरलं जात असेल, घेतल्यावर आनंदाऐवजी पोटात गोळा येत असेल, तर वही-कॅलेंडरने भागणार नाही. घरात एका माणसाशी बोला. समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता त्या अकरा घड्याळांचं सांगतो. सहा दिली. (डब्यातली रिकामी खाच दाखवतो.) इथे एक एचएमटी पायलट होतं, काळं डायल. पुतणी बारावीला आहे, तिला परीक्षेला साधं काट्यांचं घड्याळ हवं होतं. तेलपाणी करून दिलं तिला. परवा रात्री तिचा फोन आला. “काका, चावी चुकून उलटी फिरवली, बिघडलं का हो?”

म्हटलं, “नाही गं. उलटी फिरवली तर नुसती सटकते. सुलट फिरव, आणि घट्ट लागली की थांब.”