मोहरीएवढ्या दाण्यातलं कॅल्शियम

(अंधार. जात्याची घरघर. हळूहळू दोन हात दिसायला लागतात.)

पहाटेचे साडेपाच. पालघर जिल्हा, मोखाडा तालुका. मोबाईलला रेंज नाही पण जातं चालू आहे, आणि आजी दळतेय ती नागली. खाली कोकणात हिलाच नाचणी म्हणतात. आता खरं सांगून टाकतो, हे जातं रोज चालत नाही, गिरणी आहे जवळच, आज ते आमच्यासाठी बाहेर काढलंय. पण पीठ पडतंय ते बघा, लालसर राखाडी, आणि त्यात कोंडा वेगळा काढलेला नाही. दाणा मुळात एवढा बारीक की तांदळासारखा पॉलिश करणं सोपं नाही, म्हणून सालासकट पोटात जातो, आणि खनिजांचा मोठा वाटा ह्या सालातच असतो.

(डोंगरउतार. काढणी.)

ही नोव्हेंबरातली काढणी. वरकस जमीन, उताराची, भात जिथे धड येत नाही तिथे नागली उभी राहते. कणीस बघा, मिटलेल्या मुठीसारखं. विळ्याने नुसती कणसं खुडायची, ढीग घालायचा, मग ऊन द्यायचं, काठीने बडवायचं, सुपाने पाखडायचं आणि इतकं करून हाताशी काय, तर मोहरीएवढा दाणा. पण ह्या दाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच गायीच्या दुधात ते १२० च्या आसपास, आणि पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणते. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरा, दोन भाकऱ्यांत चारशेच्या वर गेलात.

(फडक्यातले मोड. क्लोजअप.)

पण ताटात आलं म्हणजे हाडात गेलं असं नसतं, आणि इथे आजीचं काम सुरू होतं. नागलीत फायटिक ॲसिड असतं, ते कॅल्शियम, लोह, झिंक ह्यांना धरून बसतं आणि आतड्यातून रक्तात सहजासहजी जाऊ देत नाही. आता हा शॉट नीट बघा. रात्रभर भिजवलेली नागली, सकाळी फडक्यात बांधली, दुसऱ्या दिवशी हे पांढरे मोड. मोड येताना दाण्यातलंच एक एन्झाइम जागं होतं आणि ते फायटिक ॲसिड तोडायला लागतं, म्हणजे धरून ठेवलेलं लोह-कॅल्शियम मोकळं व्हायला लागतं. मोड वाळवायचे, मंद भाजायचे, दळायचे, झालं नाचणीसत्त्व. बाळाला वरचं अन्न सुरू करताना हेच देतात, आणि दुकानात हेच पाकिटात घालून किती महाग विकतात ते तुम्हाला माहीत आहे.

आंबिलीचंही तेच. पीठ रात्री पाण्यात कालवून आंबवलं की फायटिक ॲसिड कमी होतं. मी आजीला विचारलं हे का करता, तर म्हणाली, "नाहीतर पोटाला जड जाते."

(लोखंडी तवा. भाकरी फुगते.)

ही फुगलेली भाकरी आम्ही चार वेळा शूट केली, चारही खाल्ल्या. लोखंडी तव्यातून लोह मिळतं म्हणतात, बरोबर आहे, पण कोरड्या भाकरीत ते फारसं उतरत नाही, ते उतरतं लोखंडी कढईत शिजलेल्या आंबट आमटीत. आणि लोहाच्या बाबतीत नागली एकटी पुरत नाही, १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, बाईला दिवसाला लागतं २९. म्हणून शेजारी शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि वर पिळलेलं हे लिंबू. लिंबातलं व्हिटॅमिन सी वनस्पतीतल्या लोहाचं रूप बदलतं, मग आतड्याला ते उचलता येतं.

आणि जेवण होतंय न होतंय तोच आजीने चहा टाकला. चहातलं टॅनिन लोह अडवतं, तासभर थांबायला हवं होतं, पण वाफेचा शॉट इतका सुंदर आलाय की कापवला नाही.

(अंगण. उन्हात बसलेली आजी, दाणे निवडतेय.)

हे ऊन पण ह्याच गोष्टीत येतं. कॅल्शियम आतड्यातून घ्यायला व्हिटॅमिन डी लागतं, आणि ते शरीर उन्हात कातडीतच तयार करतं. बी१२ मात्र ना नागलीत ना भाजीत, त्याला ताक, अंडं, सुकट असं काहीतरी हवं.

(रेशनच्या तांदळाची गोणी, कोपऱ्यात.)

१९९२ साली ह्याच पट्ट्यात, जव्हारच्या वावर-वांगणीत, कुपोषणाने मुलं दगावली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात नागलीसारखं भरडधान्य रेशनवर १ रुपया किलोने द्यायची तरतूद आली, २०२३ हे तर जगभर मिलेटचं, म्हणजे ह्याच भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. ह्या घरातल्या कोपऱ्यात गोणी आहे ती तांदळाची, आणि बाहेर अंगणात वाळतेय ती नागली आजीने स्वतः पिकवलेली.

(नातू पहिला घास घेतो. निवेदन इथे थांबतं, जात्याचा आवाज शेवटपर्यंत तसाच.)