पंधरा दिवस राहून बघा, पण जुलैमध्ये

नमस्कार मंडळी!

(टेप कॅमेऱ्यासमोर धरून) ही सुताराची टेप. निवृत्तांच्या वसाहतीत घर बघायला निघाले की माझ्या पर्समध्ये असतेच. पहिल्यांदा मी ती बाहेर काढली तेव्हा तिथली घर दाखवणारी मुलगी म्हणाली, "काकू, सगळं नियमाप्रमाणे आहे हो." म्हटलं, असेल ना. नियम मला पाठ आहे, तुमचा दरवाजा पाठ नाही.

आजचा विषय म्हणजे अशा वसाहतीत कायमचं जाण्याआधी थोडे दिवस राहून बघणं. ट्रायल स्टे म्हणतात त्याला. कमेंटमध्ये तुम्ही बरेच जण विचारत होतात. आम्ही दोघं, मी ६७, नवरा ७२, मागच्या दीड वर्षात हे तीनदा करून आलो. एकदा साफ चुकीचं केलं. त्या चुकीपासूनच सुरुवात करते.

त्याआधी एक छोटासा खुलासा. ही वसाहत म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. आपलं स्वतंत्र घर, आपली किल्ली, आणि जेवण, साफसफाई, डॉक्टर, रात्रीची मदत या गोष्टी सामाईक. पुण्यात परांजप्यांचं अथश्री आहे, लवासाला आशियानाचं उत्सव आहे, नेरळला डिग्निटीचं संकुल आहे, आणि दक्षिणेत कोइमतूरला तर अशा वसाहतींचं पेवच फुटलंय. कुठे घर विकत घ्यायचं, कुठे मोठी अनामत भरून राहायचं, कुठे महिन्याचं भाडं. मी आज कुठल्याही जागेची जाहिरात करत नाही आणि कुणाची निंदाही करत नाही. माझ्या अनुभवातल्या जागेचं नाव तर मुळीच विचारू नका.

तर आमची चूक. आम्ही गेलो जानेवारीत. तीन दिवस. आता जानेवारीत महाराष्ट्रातली कुठलीही जागा चांगलीच दिसते! धुकं, कोवळं ऊन, बागेत शेवंती, संक्रांतीचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम. मला वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला. आम्ही पाहुणे, त्यामुळे मॅनेजर स्वतः पानात काय हवं-नको बघत होते. येताना गाडीत ह्यांना म्हटलं, चेक लिहून टाकू या. हे नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाले. चाळीस वर्षांत त्या "बघू"चा मला इतका उपयोग कधी झाला नव्हता.

कारण जुलैमध्ये आम्ही परत गेलो, पंधरा दिवसांसाठी. तीच जागा, तीच इमारत. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल. पाऊस लागला की मोबाईलची रेंज गुल, आणि मुलगी बंगळुरूला, ती घाबरीघुबरी. वीज गेली तर जनरेटरवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालत, घरातला पंखा नाही. बागेकडे जाणाऱ्या फरशीवर शेवाळ, त्यामुळे सकाळचं फिरणं बंद. सगळी मंडळी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होती. यातलं एकही कुणी खोटं सांगितलं नव्हतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, जागेचा सगळ्यात वाईट महिना निवडा. सह्याद्रीच्या कुशीतली जागा असेल तर जुलै. नागपूर, संभाजीनगरकडची असेल तर मे. आणि तीन दिवसांत काही कळत नाही. तीन दिवस आपण कुणाच्याही घरी गोड वागतो. बऱ्याच ठिकाणी ते आठवडाभर ठेवून घेतात. तुम्ही पैसे भरून पंधरा दिवस मागा. कुठे कुठे म्हणतात, हे पैसे पुढे अनामतीतून वळते करू. ठीक आहे, पण तेवढ्यावरून पाघळू नका. पावती घ्या, पावतीवर "ट्रायल" हा शब्द लिहून घ्या, आणि तिथे असताना बाकी कशावरही सही करायची नाही.

आता टेपकडे येते. महारेरानं, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ साली निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक नियमावली काढली. त्याआधी २०१९ मध्ये केंद्राचीही आली होती. महारेराच्या नियमावलीत दरवाजा किमान ९०० मिलिमीटर रुंद हवा असं आहे, म्हणजे जवळजवळ तीन फूट. व्हीलचेअर चौकटीला न घासता जाते. स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र, न घसरणाऱ्या फरश्या, आधाराचे दांडे, हेही त्यात आहे. पण त्याआधी बांधलेल्या इमारतींचं काय? तिथे आपली टेप! बेडरूमचा दरवाजा सगळे नीट करतात. मोजायचा तो बाथरूमचा. आणि तो आत उघडतो की बाहेर, ते बघा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडतच नाही. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही बिजागऱ्या काढल्या होत्या, म्हणून सांगते.

आता जेवण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळलात तर पुढे ढकला. जाहिरातीत लिहितात "सात्त्विक, घरगुती". सात्त्विक ठीक आहे, पण घरगुती म्हणजे कुणाच्या घरचं? आमच्याकडे भाजीत गूळ, शेजारच्या काकांना तिखटजाळ हवं, वरच्या मजल्यावरच्या बाई कारवारच्या, त्यांना मासळीशिवाय घास उतरत नाही. एका स्वयंपाकघरात हे जमणार नाही, त्याला इलाज नाही. बघायचं ते एवढंच, की घरी स्वतःचं काही करून घ्यायला परवानगी आणि ओटा दोन्ही आहे का. काही ठिकाणी फक्त इंडक्शन. त्यावर भाकरी करून दाखवा मला! रात्रीचं जेवण किती वाजता? आम्हाला साडेसात सांगितलं होतं, प्रत्यक्षात सव्वासातला भांडी आवरायला लागायचे, कारण वाढणाऱ्या मुलींची शेवटची बस आठची. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. आणि पोळी. ती गरम असताना नका तपासू, ताटात दहा मिनिटं राहू द्या, मग तोडा. ज्यांना कवळी आहे त्यांना मी काय म्हणते ते कळलं. आजारी पडल्यावर काय देतात ते बघायचं तर एक दिवस पोट बिघडल्याचं सांगून मऊ भात मागा. आम्हाला आला, वीस मिनिटांत, वर मेतकूट. त्या स्वयंपाक्याला माझे पूर्ण गुण.

रात्रीचं सांगते. पलंगाशेजारी लाल बटण असतं. मॅनेजरना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की या पंधरा दिवसांत एकदा मी ते रात्री दाबणार आहे. कधी ते सांगायचं नाही. मी रात्री दोनला दाबलं. चार मिनिटांत वॉचमन आला. धावत आला, वाईट म्हणणार नाही. "नर्स कुठे?" तर म्हणे, मॅडम रात्री नऊपर्यंतच असतात. मग काय करता? "१०८ ला फोन करतो." अहो, १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती फुकट आहे! तो फोन मी माझ्या कोथरूडच्या घरातूनही करू शकते. तेव्हा "चोवीस तास वैद्यकीय मदत" असं वाचलंत की विचारा, रात्री तीनला जागं कोण असतं, आणि त्याला काय करता येतं? आणि "हॉस्पिटल दहा मिनिटांवर" हे शुक्रवारी संध्याकाळी सहाला रिक्षा करून, घड्याळ लावून तपासा. वसाहत हिंजवडीच्या बाजूला असेल तर बरोबर पाण्याची बाटली घ्या.

लोकांशी बोलायचं, हे सगळेच सांगतात. पण तुम्हाला भेटवायला आणतात ते हसतमुख जोडपं ठरलेलं असतं. तुम्ही लिफ्टपाशी, औषधांच्या खिडकीपाशी उभे राहा. "इथे कसं वाटतं?" हे विचारू नका, "छान" एवढंच उत्तर येतं. विचारा, "शेवटचं मोठं भांडण कशावरून झालं?" डोळे असे चमकतात! आमच्याकडे दोन कारणं निघाली. एक, वार्षिक खर्चवाढ, आणि दोन, कॅरम खोलीतला एसी. पहिलं ऐकून मी वही काढली. मागच्या तीन वर्षांत महिन्याचा खर्च किती वाढला याचा आकडा ऑफिसकडून नाही, राहणाऱ्यांकडून मिळतो. आणि नोटीस बोर्ड वाचा. पुण्याच्या माणसाला सांगायला नको, पाटी वाचली की गाव कळतं. "कृपया" तीनदा लिहिलेली नोटीस म्हणजे तो प्रश्न सुटलेला नाही.

एक प्रश्न मात्र ऑफिसलाच विचारा, दोघांच्याही समोर. आमच्यापैकी एक अंथरुणाला खिळला किंवा विसरायला लागला, तर इथेच राहता येईल का? बऱ्याच वसाहती आत घेताना माणूस आपलं आपण करणारा असावा ही अट घालतात. पुढचं कलम कुणी वाचत नाही. काहींकडे सांभाळण्याचा वेगळा मजला असतो, त्याचे दर वेगळे. काही जण सरळ सांगतात, मुलांना न्यायला सांगू. सरळ सांगणारे मला आवडले. जीएसटीचंही विचारून घ्या. धर्मादाय म्हणून आयकरात नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्यांना राहणं, जेवण, देखभाल धरून महिना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. खासगी कंपनीच्या वसाहतीला तो नियम लावून हिशेब करू नका.

आणि आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ केला ते.

आठवडा झाल्यावर मी ह्यांना घरी पाठवलं. तीन दिवस मी तिथे एकटी. मग मी घरी आले आणि तीन दिवस हे एकटे. ऑफिसला वाटलं आमचं भांडण झालं. भांडण नव्हतं. आपण घर दोघांसाठी बघतो, पण शेवटी तिथे कुणीतरी एकच जण राहणार आहे, आणि कोण ते आपल्या हातात नाही. हे बोलायला जड जातं. आम्हीही बोललो नाही, सरळ करूनच बघितलं.

पहिल्या रात्री जेवायला खाली गेले तर सगळी चार-चार खुर्च्यांची टेबलं, आणि सगळी भरलेली. कुणी वाईट वागलं नाही. आदल्या दिवसापर्यंत आम्ही दोघं बसायचो तेव्हा कुणालाही माझ्याशी बोलावं लागत नव्हतं, इतकंच. मी खिडकीशी एकटी बसले, दहा मिनिटांत जेवून वर आले. दुसऱ्या रात्री एका आजींनी खुर्ची ओढून दिली. पण दुपार! दोन ते पाच. कार्यक्रमपत्रिकेत सकाळी योगासनं, संध्याकाळी भजन, मधे काही नाही. घरी त्या वेळात मी खाली भाजीवाल्याशी हुज्जत घालते, वाचनालयात जाते, बँकेत उगाच चक्कर मारते. तिथे फाटकाबाहेर दीड किलोमीटर नुसता रस्ता. तिसऱ्या दिवशी मी कपाटातले कपडे दुसऱ्यांदा घडी करून ठेवले.

आणि हे? जे "बघू" म्हणत होते, ज्यांना अजिबात जायचं नव्हतं? पहिल्या रात्री फोन, रक्तदाबाची गोळी सापडत नाही. दुसऱ्या दिवशी फोनच नाही. मीच केला तर म्हणाले, नंतर बोलतो, डाव चालू आहे. दुपारी दोन ते पाच चार जणांचं रमीचं टेबल बसायचं, मी तिथे असताना ते मला दिसलंही नव्हतं! चौथा भिडू मुलाकडे अमेरिकेला गेलेला. यांना आयती जागा मिळाली.

म्हणजे जिला जायचं होतं तिला जमलं नाही, आणि ज्याला नको होतं तो रमला. माहितीपत्रक वाचून हे कळलं असतं का?

निघण्यापूर्वीचं पटकन सांगते. औषधं पंधरा नाही, वीस दिवसांची न्या, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह. सोसायटीत एका विश्वासू शेजाऱ्याकडे किल्ली द्या. पेन्शन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरात जाणार असाल तर हयातीच्या दाखल्याचं आधी बघा, आता तो घरबसल्या सरकारच्या जीवन प्रमाण ॲपवर होतो. आणि राहतं घर विकायचं, भाड्यानं द्यायचं, मुलांच्या नावावर करायचं, यातलं काहीही ट्रायलच्या आधी नाही. नंतरही निदान सहा महिने नाही. परतीची किल्ली खिशात नसेल तर ती ट्रायल कसली?

आम्ही अजून कायमचं कुठेच गेलेलो नाही. या दिवाळीत आणखी एका जागी जातोय, गावातली आहे, फाटकाबाहेर भाजीबाजार. मुद्दाम दिवाळीत, कारण त्या चार दिवसांत कुणाची मुलं येतात, कोण मुलांकडे जातं, आणि मागे कोण उरतं ते बघायचंय. यांनी एकच चौकशी केली, तिथे रमी खेळतात का. मी फोन करून विचारलं. ब्रिज खेळतात म्हणाले. सध्या हे यूट्यूबवर ब्रिज शिकतायत, माझ्याच फोनवर, म्हणून पुढचा व्हिडिओ जरा उशिरा येईल. तो अनामतीच्या करारावर असेल. तुमच्याकडे असा करार असेल तर त्यातलं न कळलेलं कलम कमेंटमध्ये टाका, नाव-पत्ता खोडून.