भुलाबाईच्या गाण्यातली वऱ्हाडी खोडू नका

नमस्कार. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या वऱ्हाडातल्या गावांत भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर आणि गणपती मांडून मुली टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. या गाण्यांची नवी ध्वनिमुद्रणे आता मोबाइलवर मिळतात. त्यांतल्या कीबोर्डबद्दल किंवा वाढवलेल्या लयीबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की गाण्यातली वऱ्हाडी काढून तिथे पुस्तकी मराठी बसवली जाते.

'माहेराले'चे 'माहेराला' केले, तर काय बिघडते? समजा, एक ओळ 'माहेराले' या शब्दावर संपते आणि तिच्या जोडीची ओळ 'डोये भरून आले' अशी आहे. पहिल्या ओळीत 'माहेराला' आले, की यमक तुटते. डोळे अनेकवचनी असल्यामुळे 'आले'चे 'आला' करता येत नाही, म्हणून दुसरी ओळ नव्याने रचावी लागते, आणि सासुरवाशिणीचे भरून आलेले डोळेच गाण्यातून निघून जातात.

लोकगीत बदलतच आले आहे, हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पोळ्याच्या झडत्याच पाहा, म्हणजे बैलांच्या सणाला म्हटली जाणारी लोकगीते. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना झडती म्हणणारा शेतकरी कापसाचा पडलेला भाव, नापिकी, पुढाऱ्यांची आश्वासने असे त्या त्या वर्षाचे दुःख तिच्यात घालतो. तरी शेवटी 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव' हीच आरोळी उठते. तिथला मजकूर नवा असतो आणि बोली मात्र गावाचीच राहते.

म्हणून बदल करण्याआधी मूळ गाणे जसेच्या तसे नोंदवणे मला अत्यावश्यक वाटते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी 1980 च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि त्यांच्या चमूने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या संग्रहात ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही नोंदलेले आहे. आपल्याकडच्या नव्या ध्वनिमुद्रणांवर संगीतकाराचे नाव असते. ज्या आजीकडून चाल घेतली, तिचे नाव मात्र बहुधा नसते.

येत्या कोजागिरीला मी आमच्या गावातल्या वयस्कर बायांची गाणी त्यांच्याच उच्चारांत ध्वनिमुद्रित करणार आहे. तुमच्याकडे एखादी ओळ वेगळी म्हणत असतील, तर ती न सुधारता, म्हणणारीच्या संमतीने आणि गावाच्या नावासह मला पाठवा.