एक्स-रे स्वच्छ, तरी धाप का लागते?

सिरॉसिसचा, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराचा रुग्ण. आडवा पडला की बरं वाटतं. उठून बसला की धाप लागते आणि ऑक्सिमीटरचा आकडा उतरतो. हृदय कमजोर असेल तर नेमकं उलटं होतं, म्हणून ही तक्रार हातची जाऊ देऊ नका. हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम, म्हणजे यकृताच्या आजारामुळे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या बिघडणं, म्हणतात तो हाच.

फुप्फुसातल्या केशवाहिन्या एरवी 8 ते 15 मायक्रॉन रुंद. इथे त्या 100 मायक्रॉनपर्यंत, कधी त्याहूनही जास्त फुगतात. रक्त घाईने निघून जातं, मधल्या धारेला ऑक्सिजन पुरेसा मिळतच नाही. असा फुगवटा तळाशी जास्त आणि बसल्यावर रक्तही तिकडेच उतरतं. एक्स-रेवर यातलं फारसं काही उमटत नाही. सीटी स्कॅनमध्ये तळाच्या जाड वाहिन्या कडेपर्यंत गेलेल्या दिसू शकतात. पण निदानासाठी बबल इकोच करावा, म्हणजे शिरेत बारीक बुडबुड्यांचं सलाइन देऊन हृदयाची सोनोग्राफी.

आता ही चाचणी करणारे हात जवळून पाहा. 10 मिलीच्या दोन सिरिंज, मध्ये त्यांना जोडणारी थ्री-वे तोटी. 9 मिली सलाइन, 1 मिली हवा. या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये जोरात ढकलत राहायचं, सलाइन दुधाळ होईपर्यंत. डोळ्यांना दिसणारी मोठी हवा काढून टाकायची आणि लगेच कोपराजवळच्या शिरेत द्यायचं. उशीर झाला की बुडबुडे विरतात आणि चाचणी खोटीच निगेटिव्ह येते.

इकोच्या स्क्रीनवर हृदयाचा उजवा कप्पा पांढरा झाला, की ठोके मोजायला सुरुवात. निरोगी फुप्फुसात बुडबुडे अडकतात. पहिल्या तीन ठोक्यांच्या आत डावीकडे आले, तर हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र असण्याची शक्यता. तीन ते सहा ठोक्यांनंतर आले, तर वाट फुप्फुसातून आहे.

सोबत रुग्णाला बसवून, ऑक्सिजन न लावता एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. वायुकोश आणि धमनी यांच्यातला ऑक्सिजनचा फरक 15 मिमी पारा किंवा जास्त, वय 64 च्या पुढे असेल तर 20, म्हणजे निकष पूर्ण. नुसत्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, सौम्य आजार त्यातून निसटतो.

एक्स-रेवर छातीत उजवीकडे पाणी दिसलं तर? बहुतेक वेळा पोटातलं पाणी छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या बारीक छिद्रांतून वर चढलेलं असतं. सोनोग्राफीखाली सुईने काढावं, एका वेळी साधारण दीड-दोन लिटरपर्यंतच. कायमची नळी शक्यतो टाळावी, कारण पाणी भरतच राहतं आणि प्रथिनं वाहून जातात. पाणी काढूनही ऑक्सिजन वाढला नाही, तर बबल इको राहिलाच आहे, तो करा. दोन्ही आजार एकाच रुग्णात असू शकतात.