भोसरीची ट्रंक, लांगझाची रात्र

(काळा पडदा. फक्त आवाज : टक्… टक्… टक्…)

हा आवाज लक्षात ठेवा. पुढे तो पुष्कळ वेळा येणार आहे.

(पडदा उजळतो. बर्फात टेकवलेली काळी पत्र्याची ट्रंक. मागून धुराची बारीक रेघ. ट्रंकेतून निघालेला जाड पाइप तंबूत शिरलाय.)

हिमाचलातलं स्पिती खोरं. गाव लांगझा, उंची ४,४०० मीटरच्या आसपास. जानेवारीतली सकाळ. बाहेरचा काटा उणे एकोणीसवर, तंबूच्या आतला अकरावर. मधे एक कापड आणि ही ट्रंक.

ट्रंक पुण्याजवळच्या भोसरीची आहे. आत डिझेलवर चालणारा हीटर.

(भोसरी. शटर वर जातं. तेलकट बाक, भिंतीवर टांगलेले पाने.)

या गाळ्यात तीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचं काम चालतं. ट्रक दारात आला की काका आधी बॉनेट उघडत नाहीत. "चालू ठेव," म्हणतात आणि जरा बाजूला उभं राहून ऐकतात. मग बोटानं दाखवतात, हा सिलिंडर. बहुतेक वेळा तोच असतो.

शेजारी उभा आहे तो पुतण्या. याला डोंगराचं वेड. आदल्या हिवाळ्यात तो स्पितीला गेला आणि एका सकाळी तंबूत डोकं ठणकत, मळमळत उठला. सोबतचे म्हणाले, उंचीचा त्रास आहे, पाणी पी. त्या रात्री तंबूत कोळशाची शेगडी पेटती ठेवली होती, हे त्यानं काकांना पुण्यात परतल्यावर सांगितलं. काका त्यावर काय बोलले त्याचं चित्रण आमच्याकडे नाही. असतं तरी दाखवता आलं नसतं.

अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, गळाठा ही त्याची लक्षणं विरळ हवेच्या त्रासासारखीच, म्हणून डोंगरात तो ओळखू येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक एकाच खोलीत दगावले. खोलीत गॅसचा हीटर होता.

त्या दिवशी काकांनी बाकावर खडूनं एक चौकोन काढला, त्याच्या बाहेर एक गोल. चौकोन म्हणजे तंबू, गोल म्हणजे आग. "आग बाहेर. ऊब आत. एवढं जमलं तर जा, नाहीतर घरी बस."

(खडूची आकृती, जवळून.)

अशी यंत्रं जगात आहेत आणि जुनी आहेत. युरोपातले ट्रकचालक रात्री इंजिन बंद करून केबिनमध्ये उबेत झोपतात ते यांच्याच जोरावर. वेबास्टो आणि एबरस्पेखर ही त्यातली दोन जर्मन नावं. त्याच धर्तीची चिनी बनावटीची यंत्रं आता सुटी मिळतात. पुतण्यानं त्यातलंच एक मागवलं. बारा व्होल्टवर चालणारं, वजनाला हलकं, आणि सोबत असं माहितीपत्रक, की काकांनी त्याचा उपयोग नट ठेवायला केला.

(यंत्र उघडलेलं. काकांचं बोट एकेका भागावर.)

आत काय आहे ते बघा. ही नळी बाहेरची हवा ओढते. हा ग्लो प्लग तापून लाल होतो. डिझेल येतं, इथे पेटतं आणि जळलेला धूर या दुसऱ्या नळीतून बाहेर जातो. हे सगळं ॲल्युमिनियमच्या एका बंद खोळीत. खोळीला बाहेरून पाती आहेत. पंखा या पात्यांवरून वेगळी हवा फुंकतो, ती तापते आणि तंबूत जाते. आगीची हवा आणि आपण श्वासात घेतो ती हवा कुठेही भेटत नाहीत. खोळ आणि तिचे सांधे बंद ठेवणारी गॅस्केट शाबूत असेपर्यंत.

आणि हा पंप. मुठीत मावतो. दर ठोक्याला जेमतेम एका थेंबाएवढं डिझेल पुढे सारतो. हजार ठोके पडले की साधारण बावीस मिलिलिटर. सेकंदाला दोन ठोके धरा, म्हणजे तासाला एकशे साठ मिलिलिटरच्या आसपास. दहा तासांची थंडीची रात्र पावणेदोन लिटरांत निघते. लाकडाच्या मोळीपेक्षा हलकं काम.

(जुना बाजार. रविवारची गर्दी. पत्र्याच्या ट्रंकांची उतरंड.)

आता हे सगळं बसवायचं कशात? पुतण्याच्या डोक्यात प्लॅस्टिकची महागडी पेटी होती. काका त्याला जुन्या बाजारात घेऊन गेले. लष्करी धाटणीची ही ट्रंक, झाकणावर कुणाचं तरी पुसट नाव, एका कोपऱ्याला पोचा. घासाघीस बरीच चालली. आम्ही चित्रण करतोय हे बघून विक्रेत्यानं भाव वाढवला असा काकांचा आरोप आहे.

(ग्राइंडरच्या ठिणग्या. पत्र्याला पडणारं गोल भोक.)

हे चार दिवस आम्ही जवळजवळ सगळेच टिपले. काका काम करताना बघणं हाच एक कार्यक्रम असतो.

ट्रंकेच्या मधोमध पत्र्याची आडभिंत. एका कप्प्यात यंत्र, दुसऱ्यात पाच लिटरची टाकी. तापणारं आणि पेटणारं एका खोलीत राहू द्यायचं नाही. धुराची नळी मागच्या बाजूनं बाहेर. ती जिथून पत्रा ओलांडते तिथे दुहेरी चकती, मधे फायबरग्लासची पट्टी, कारण ही नळी हात भाजेल इतकी तापते. नळीला बाहेरच्या अंगाला थोडा उतार, म्हणजे आत साचलेलं पाणी गळून जातं, गोठून वाट अडवत नाही. सायलेन्सरला जो बारीक छेद असतो तो खाली. हवा ओढणारी नळी दुसऱ्या बाजूला, धुरापासून लांब. यंत्राला स्वतःचाच धूर प्यायला लावलात तर ते खोकणारच.

पंप आडवा बसवायचा नाही. त्याचं तोंड वर हवं, म्हणजे डिझेलमधले हवेचे बुडबुडे पुढे निघून जातात. पारदर्शक नळीतून ते जाताना दिसतात, हे बघा. आणि पंप पत्र्याला थेट ठोकला तर ट्रंक ढोलासारखी वाजते. म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.

(वायरींचं भेंडोळं. ॲमीटरचा काटा उसळतो.)

पहिल्या दिवशी यंत्र पेटेचना. पडद्यावर चूक दाखवायचं आणि बंद पडायचं. पुतण्यानं यंत्राला शिव्या घातल्या. काकांनी वायर चिमटीत धरली आणि म्हणाले, "ही रेडिओची आहे." सुरुवातीला ग्लो प्लग दहा अँपिअरच्या घरात प्रवाह ओढतो. बारीक, लांब वायरीत तेवढ्यानं व्होल्टेज पडतं आणि यंत्राला वाटतं बॅटरी संपली. तपकीर गल्लीतून चार स्क्वेअरची, म्हणजे जाड, वायर आली, लांबी निम्मी केली, आणि…

(टक्… टक्… टक्… पंख्याचा आवाज चढतो. पुतण्या हात पुढे करून उबेचा अंदाज घेतो.)

भोसरीत त्या दिवशी एकतीस अंश होते. गाळ्यात उभं राहवत नव्हतं. तरीही सगळे हात शेकत होते.

त्या आनंदात पुतण्यानं एक घोटाळा केला. यंत्र बंद करायचं म्हणून सरळ बॅटरीचा प्लग ओढला. हे कधीही करायचं नाही. बटण दाबलं की आधी पंप थांबतो, पण पंखा काही मिनिटं चालू राहतो आणि आतली धग बाहेर काढतो. वीजच तोडली तर ती धग आतच राहते. पंख्याची प्लॅस्टिकची चकती वितळून कशी वाकली, ते हे.

(वाकलेली चकती काकांच्या तळहातावर.)

"आता हिचं काय करायचं?"

"खिशात ठेव. आठवण राहील."

(घरातला फ्रीझर. श्रीखंडाच्या डब्याशेजारी पिवळसर डिझेलची बाटली.)

हे पुतण्याचं घर. आईला न सांगता केलेला प्रयोग. पुण्यातल्या पंपावरचं डिझेल, उणे अठरा अंशांत, एक रात्र. संध्याकाळी पाण्यासारखं होतं, सकाळी बाटली उलटी केली तरी हलत नाही. डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं. आपल्याकडे हिवाळ्यासाठी जे नेहमीचं डिझेल असतं, त्याचाही घट्ट होण्याचा बिंदू मानकानुसार तीन अंशांपर्यंत चालतो. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात वेगळं डिझेल आणलं, ते उणे तेहेतीसपर्यंत वाहतं. पहाडातले चालक मात्र पिढ्यान्‌पिढ्या डिझेलमध्ये रॉकेल मिसळत आलेत, आणि सकाळी ट्रकखाली जाळ करतात.

बॅटरीचीही तीच रड. लिथियम आयर्न फॉस्फेटची, तीस अँपिअर-तासांची. रात्रभरात साधारण निम्मी संपते. थंडीत ती वीज देते, पण शून्याखाली तिला चार्ज केलं की कायमची बिघडते. म्हणून ती ट्रंकेत बसवलेली नाही, वेगळी आहे. झोपायच्या पिशवीत पायाशी.

(रस्ता. सतलजची घळ. खाबजवळ दोन नद्यांचा संगम.)

मनालीकडून जाणारी वाट कुंझुम खिंडीतल्या बर्फानं बंद असते. हिवाळ्यात स्पितीला जायचं तर शिमला, रामपूर, किन्नौर असा लांबचा रस्ता. हा भाग आम्ही भराभर सरकवतोय. तुम्ही असे रस्ते पुष्कळ पाहिले आहेत.

काझा. ३,७४० मीटरवरचा हा पेट्रोलपंप जगातला सर्वांत उंच म्हणून ओळखला जातो. टाकीतलं खालून आणलेलं डिझेल काढलं, इथलं भरलं, इथल्याच चालकांना विचारून रॉकेल मिसळलं.

(होमस्टेची खोली. मधोमध लोखंडी चूल, छपरातून गेलेलं धुराडं. भोवती घरची माणसं.)

या चुलीला इथे तंदूर म्हणतात. लाकूड, शेणाच्या गोवऱ्या, जे असेल ते. धुराडं मात्र सरळ छताबाहेर. घरच्या आजींना पुतण्यानं ट्रंक उघडून दाखवली. आजींनी धुराची नळी बघितली, ती कुठून बाहेर निघते ते वाकून बघितलं आणि मान डोलावली. बाकीच्या यंत्राकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही.

(अंगण. पहिली चाचणी. बर्फावर काजळीचा काळा पंखा पसरत जातो.)

आणि इथे ट्रंक रुसली. धूर काळा, बर्फावर काजळी, ज्योत धडपणे धरेना. भोसरीत शेवटी बिनचूक चाललेलं यंत्र. पुतण्यानं ठोक्यांचा आवाज फोनवर मुद्रित करून काकांना पाठवला. तासाभरानं उत्तर आलं, तेही आवाजातच.

(काकांचा आवाज.) "अरे, हा जास्त पितोय. तिथं हवा किती आहे, आणि तू याला भोसरीचं जेवण घालतोयस. ठोके कमी कर. पंखा वाढव."

काझ्यात हवेचा दाब पुण्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश. तेवढ्याच डिझेलला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, मग काजळी धरते. ठोके कमी केले, पंख्याचे फेरे वाढवले. दुसरा प्रयत्न. तिसरा. चौथ्याला…

(धूर विरळ होतो, दिसेनासा होतो. टक्… टक्… आता संथ लयीत.)

काकांना हा आवाज पाठवला. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

(लांगझा. भव्य बुद्धमूर्तीची पाठ, समोर चाऊ चाऊ कांग निल्डाचं शिखर.)

इथे दोन रात्री. ट्रंक बर्फावर थेट ठेवली तर खालचा बर्फ वितळून ती कलते, हे पहिल्या रात्री समजलं. सकाळी बघतो तो एक कोपरा वीतभर खाली. आजूबाजूला सापडलेली फळी खाली सरकवली.

तंबूत येणारी हवा बाहेरची ताजी ओढलेली. त्यामुळे उष्णता थोडी कमी पडते. आतलीच हवा पुन्हा फिरवली असती तर तंबू आणखी तापला असता. पण श्वासाची वाफ कापडाला धरून सकाळी तोंडावर बर्फ पडतो, तसं झालं नाही. मोजे सुकले. ही किती मोठी गोष्ट आहे ते ज्याचे सुकले नाहीत त्याला विचारा.

(मोज्यांची ओळ. गरम हवेत हलणारी.)

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तंबूतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. वारा फिरला होता आणि धूर तंबूच्या बाजूला येत होता. सगळे बाहेर पळाले, ट्रंक फिरवली, नळी लांब केली. कॅमेरा बंद होता.

(पहाट. शिखरावर पहिलं ऊन. बराच वेळ संवाद नाही.)

(तंबूचं दार उघडतं. पुतण्या बाहेर येतो, ट्रंकेशी उकिडवा बसतो, बटण दाबतो.)

पंप थांबला. पंखा चालू आहे.

(त्याचा हात बॅटरीच्या प्लगकडे जातो. थांबतो. दुसऱ्या हातानं खिशातली वाकलेली चकती काढून तो ती बोटांत फिरवत बसतो. पंख्याचा आवाज. मग तोही उतरत जातो.)